काळी-पिवळी: फियाट ते वॅगनआर

बोरीबंदर:

परवा आईला घेऊन दादरला उतरलो. गिरगावात मामाकडे जायचं होतं. स्टेशनबाहेर उभी होती ती वॅगनआर. आई दार उघडून बसली, पाय आत घेतले आणि म्हणाली, "ही बरी. त्या फियाटमध्ये खड्ड्यात बसल्यासारखं व्हायचं, आणि उठताना तुझ्या बाबांचा हात लागायचा." मी गप्प. कारण ट्रेनमध्ये अर्धा तास मी तिला फियाटचंच कौतुक ऐकवत आलो होतो.

मुंबई सोडून मला बावीस वर्षं झाली. डोक्यातली टॅक्सी अजून तीच आहे: काळं अंग, पिवळं टप, डाव्या हाताला बाहेर मीटर आणि त्याचा झेंडा. आत स्टीअरिंगलाच गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट, छताला फुलाफुलांचं रेक्झिन. दाराच्या काचेपुढे ती छोटी तिकोनी काच, ती बाहेर वळवली की वाऱ्याचा झोत थेट तोंडावर. आणि काच खालीवर करायचं हँडल! चार दारांना मिळून एक किंवा दोन हँडलं. पाऊस आला की मागून हाक, "हँडल द्या हो," मग ड्रायव्हर डॅशबोर्डच्या कप्प्यातून ते काढून मागे देणार, आपण काच वर करणार आणि ते शेजारच्या दाराकडे सरकवणार. लहानपणी ते हँडल फिरवण्यावरून माझी आणि ताईची मारामारी व्हायची.

मी पाहिलेला क्रम असा: आधी फियाट आणि फियाटच. मग नव्वदच्या दशकात निळी-चंदेरी कूल कॅब, म्हणजे एसीवाली टॅक्सी. नंतर ओम्नी, सँट्रो, वॅगनआर. आता स्टँडवर ईको आणि क्वचित अर्टिगाही दिसली. परवा दादर ते गिरगाव काळ्या-पिवळ्या मोजत गेलो. पाच तऱ्हेच्या गाड्या निघाल्या, फियाट अर्थातच एकही नाही.

तर प्रश्न दोन. तुम्ही कोणकोणत्या गाड्यांतून टॅक्सीचा प्रवास केलात? आणि टॅक्सी म्हणून खरोखर चांगली कोणती होती? आठवणींचे गुण वजा करून सांगा.

कुर्ल्याचा_भोंगा:

धागा आवडला. थोडी भर.

मुंबईत मोटार टॅक्सी आली १९११ साली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, होत्याच. आपण जिला फियाट म्हणतो ती मुंबईचीच पोर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना आमच्या कुर्ल्यात. सुरुवातीला अमेरिकन डॉज, प्लिमथ वगैरे जुळवायचे. फियाट ११०० आली १९५४ च्या आसपास. तिचं गोलमटोल रूप बघून आपल्या लोकांनी नाव ठेवलं डुक्कर फियाट. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. चालत्या गाडीत दार उघडलं तर वारा ते आणखी उघडणार!

१९६४ ला ११०० डिलाइट आली, म्हणजे ज्या चेहऱ्याला आपण टॅक्सी म्हणून ओळखतो तो. १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. गंमत अशी की नाव बदललं तरी मुंबईने ते कधी घेतलं नाही. "पद्मिनी बोलाव" असं म्हणणारा माणूस मी अख्ख्या आयुष्यात पाहिलेला नाही. शेवटपर्यंत फियाटच.

आमच्या चाळीतले चार जण कारखान्यात होते. भोंगा झाला की गल्लीतली घड्याळं लावली जायची, त्यावरून हा आयडी.

चौथा_गिअर:

आकडे हवेत? घ्या. १०८९ सीसी पेट्रोल, सुमारे ४० अश्वशक्ती, चार गिअर, चारी चाकांना ड्रम ब्रेक. पॉवर स्टीअरिंग नाही, एसी नाही. आजची साधी हॅचबॅकसुद्धा ताकदीत तिच्या पुढे आहे. नंतर १३७डी नावाची डिझेलवाली आली, इटालियन इंजिन घालून. तिचा आवाज ज्याने ऐकलाय तो विसरणार नाही.

स्टीअरिंग गिअरचा एक फायदा कोणी बोलत नाही. मधे दांडा नसल्यामुळे पुढच्या बाकावर ड्रायव्हरशेजारी दोघं मावत. कायद्याने उतारू चारच, पण लग्नाला निघालेल्या घरात चार म्हणजे पोरं सोडून चार.

उंदीरमामा:

आलं, जुनं ते सोनं आलं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

त्या गाडीत मे महिन्यात दुपारी दोन वाजता सिग्नलला अडकलेल्या माणसाने इथे येऊन तिची आरती म्हणून दाखवावी. रेक्झिनला पाठ चिकटायची, उठताना सालं निघाल्यासारखा आवाज. पेट्रोलचा वास. आणि प्रत्येक खड्डा मणक्याला नावानिशी कळायचा. बोरीबंदर, तुमच्या मातोश्रींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. धाग्यावर पहिलं खरं वाक्य त्यांचं आहे.

कुर्ल्याचा_भोंगा:

@उंदीरमामा, तेव्हा पर्याय काय होता ते पण लिहा की. तुमची एसी वॅगनआर १९८० साली कोणी लपवून ठेवली होती का?

हुगळीपार:

मी दहा वर्षं कोलकात्यात काढली. तिथे अँबॅसॅडर, इथे फियाट. लोक याला शहरांचा स्वभाव वगैरे म्हणतात, पण मला वाटतं कारण साधं आहे: अँबॅसॅडरचा कारखाना उत्तरपाड्याला, कोलकात्याच्या उंबऱ्यावर. फियाटचा कुर्ल्याला. सुटे भाग जिथे स्वस्त आणि मिस्त्री जिथे दर कोपऱ्यावर, तिथे ती गाडी टॅक्सी होते. उत्तरपाड्याचं उत्पादन २०१४ ला थांबलं आणि तिथेही पिवळ्या टॅक्सीचे दिवस मोजणं सुरू झालं. आरामाच्या बाबतीत मात्र अँबॅसॅडरची मागची सीट ती सीट. तिथे मी झोपलेलो आहे, आडवा.

लालबाग_स्टँड:

आजवर इथे फक्त वाचत होतो. या धाग्यावर लिहावंच लागेल, कारण आमचं घर टॅक्सीवर चाललं.

वडील सावंतवाडीकडचे. आधी दुसऱ्याची गाडी रोजावर चालवली, मग १९८६ मध्ये स्वतःची पद्मिनी घेतली. परमिट, बॅज, सगळं स्वतःचं. दिवसा ते, रात्री दुसरा एक ड्रायव्हर. गाडीचं इंजिन गार व्हायचं ते फक्त रविवारी दुपारी, आणि तेव्हा आम्ही दोघे भाऊ तिच्या पोटाखाली. मी नववीत असताना पॉइंट घासून प्लगचा गॅप नाण्याच्या अंदाजाने लावायचो. कार्बोरेटर खोलून फुंकर मारायची, पुन्हा बसवायचा. फॅनबेल्ट तुटला तर काय करायचं याचे वडिलांकडे तीन उपाय होते आणि त्यातला एक दोरीचा होता.

तुम्ही सगळे उतारूच्या सीटवरून बोलताय. उतारूला कोणती गाडी आवडते हे स्टँडवर कोणी विचारत नसे. विचार व्हायचा तो असा: बंद पडली तर किती वेळात चालू होईल? पार्ट ऑपेरा हाउसला मिळेल की कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना शोधावा लागेल? पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, किती खर्च? फियाट या तिन्हींत पास होती म्हणून ती चाळीस वर्षं टिकली.

२६ जुलै २००५ ला वडील कलिन्याजवळ अडकले. पाणी सीटच्या वर. गाडी सोडून चालत घरी आले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. तेल काढलं, प्लग काढून इंजिनमधलं पाणी फेकलं, डिस्ट्रिब्युटरची टोपी स्टोव्हवर धरून सुकवली (हसू नका), नवं तेल घातलं. धक्का मारून चालू झाली. आमच्या बिल्डिंगमधल्या नव्या गाड्या, आत कॉम्प्युटर असलेल्या, टो होऊन गेल्या त्या काही आठवड्यांनी परत आल्या. काही आल्याच नाहीत.

पण उंदीरमामांचंही खोटं नाही. तिची शेवटची दहा वर्षं वाईट होती. पत्रा आतून खाल्लेला. पायाखालच्या रबरी मॅटखाली वडिलांनी डालड्याच्या डब्याचा पत्रा ठोकला होता, पावसाळ्यात तरी खालून कारंजं यायचं. दरवर्षी पासिंगच्या आधी डेंटिंग-पेंटिंग. ताडदेवच्या आरटीओत गाडी उभी करायची तेव्हा नवरीसारखी चकचकीत, आणि आत काय आहे ते आम्हालाच ठाऊक. पेडर रोडचा चढ, चार उतारू आणि वर कॅरियरवर ट्रंक, असं असलं की वडील पहिल्या गिअरमध्ये टाकून "चल बाई" म्हणायचे. खरंच म्हणायचे.

चौथा_गिअर:

@लालबाग_स्टँड, नाण्याच्या अंदाजाने प्लगचा गॅप! मी हेच करायचो, पण घरच्या स्कूटरवर. लिहा हो आणखी. सीएनजी कधी बसवला?

लालबाग_स्टँड:

२००१ च्या सुमारास. कोर्टाचा आदेश आला होता, पंधरा वर्षांहून जुन्या टॅक्सींनी सीएनजीवर जायचं. आमची नेमकी पंधराची. किट बसवलं आणि डिकी गेली. सिलिंडर आडवा, त्याच्या बाजूला स्टेपनी कोंबलेली. तेव्हापासून उतारूची बॅग म्हणजे कॅरियर आणि दोरी. पंपावर रांग दोन-दोन तास. पण पेट्रोलच्या मानाने खर्च इतका उतरला की वडिलांनी रांगेबद्दल कधी कुरकुर केली नाही. रांगेत झोप व्हायची म्हणायचे.

गाडी २०११ पर्यंत चालली. तोवर पंचवीस वर्षांचा नियम आला होता, पुढे २०१३ ला तो वीसवर आला. परमिट तेच ठेवून कर्जावर सीएनजी वॅगनआर घेतली.

सावली_शिवडी:

बायकांच्या बाजूने कोणी लिहीत नाहीये म्हणून.

मी नर्सिंगला होते, शिफ्ट रात्री साडेअकराला सुटायची. फियाटचं एक बरं होतं, ती चारी बाजूंनी उघडी. मोठ्या काचा, काळी फिल्म नाही, आतला माणूस बाहेरून दिसतो, बाहेरचा आतून. ओम्नी आली तेव्हा मी सरकत्या दाराच्या गाडीत एकटी बसायला घाबरायचे. कारण सांगता येणार नाही, पण आमच्या वॉर्डातल्या सगळ्याच घाबरायच्या. नंतर सवय झाली.

ओम्नीचं दुसरं म्हणजे इंजिन पुढच्या सीटखाली. पुढे बसलात तर खालून शेकोटी. आमच्या स्टँडवरचे एक चाचा सीटवर गोणपाट ओलं करून टाकायचे. पण सामान! भावाचं घर बदललं तेव्हा कपाटाचे सुटे फळे, गॅसची शेगडी, दोन गाद्या, सगळं एका ओम्नीत गेलं, टेम्पो केलाच नाही. शिवडीच्या आमच्या गल्लीत फियाटचं दार पूर्ण उघडत नसे, बाजूला भिंत. सरकतं दार तिथे वरदान.

त्यामुळे "चांगली टॅक्सी कोणती" याला माझं उत्तर, दिवस कोणता आणि हातात काय आहे त्यावर.

उंदीरमामा:

@सावली_शिवडी +१. @लालबाग_स्टँड, पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तरीही माझा मुद्दा सोडत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. तिला वीस वर्षं पूर्ण झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही रस्त्यावर राहिली नाही. त्या आठवड्यात शहराला अचानक प्रेमाचा झटका आला. सेल्फी, लेख, अश्रू. त्याच्या दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर गेली तेव्हाही तेच. यातले किती जण आदल्या वर्षी फियाट समोर उभी असताना मागची सँट्रो बघून तिकडे वळले होते? मी वळलो होतो. कबूल करतो.

बोरीबंदर:

@उंदीरमामा, मीसुद्धा. शेवटी मुंबईला यायचो तेव्हा रांगेतली पहिली फियाट सोडून दुसरी टॅक्सी धरायचो आणि त्या ड्रायव्हरची नजर चुकवायचो. धागा काढताना हे सोयीस्कर विसरलो.

@लालबाग_स्टँड, वडील वॅगनआरवर रुळले का?

लालबाग_स्टँड:

पहिले सहा महिने गाडी त्यांच्याशी बोलत नाही म्हणायचे. डावा हात सतत स्टीअरिंगकडे जायचा, गिअर शोधायला. बॉनेट उघडून नुसते बघत उभे राहायचे. काही बिघडलं की सर्व्हिस सेंटर, तिथे काचेपलीकडे बसायचं, आत जायला मनाई. पंचवीस वर्षं स्वतःच्या गाडीखाली झोपलेल्या माणसाला काचेपलीकडे बसवलं की त्याचं काय होतं ते मी पाहिलंय.

पण गुडघे दुखायचे थांबले. फियाटचा क्लच म्हणजे जिममधलं मशीन होतं. संध्याकाळी घरी आले की आधी तेल चोळायचं, मग चहा. वॅगनआर आल्यावर आधी चहा. आईच्या लेखी विषय तिथेच संपला.

तिकीट_तपासनीस:

अवांतर, पण एसीचं कोणी काढलं नाही. काळ्या-पिवळ्या वॅगनआरमध्ये एसी असतो, बटण समोर दिसतं, पण लावायला सांगितलं की ड्रायव्हर आरशातून असा बघतो की जणू किडनी मागितली. त्यांचंही गणित आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २८ वरून ३१ झालं, तर कूल कॅबचं किमान भाडं ४० वरून ४८. म्हणजे साध्या भाड्यात गार हवा बसवलेली नाही. गाडी बदलली, भाड्याचं कोष्टक मात्र गाडी उघड्या काचांची आहे असं धरूनच.

कोष्टकावरून आठवलं, जुना मीटर एक रुपया दाखवायचा आणि ड्रायव्हरकडचं भाड्याचं कार्ड बघून त्याचे सोळा द्यायचे. पाहुणे मीटर बघून खूश व्हायचे. नाशिकच्या काकांनी एकदा खरंच मीटरवरचे तीन रुपये काढून दिले आणि "राहू दे वरचे" म्हणाले.

हुगळीपार:

हाहाहा, काका!

कुर्ल्याचा_भोंगा:

एक खंत नोंदवतो. पूर्वी टॅक्सीला आकार होता, आता फक्त रंग आहे. लांबून अंधारात नुसती बाह्यरेषा दिसली तरी हात वर जायचा. आता तीच वॅगनआर खासगी पांढरी, तीच अॅपवाली, तीच काळी-पिवळी. रंग काढला की ओळख गेली.

चौथा_गिअर:

@कुर्ल्याचा_भोंगा, फियाटही खासगी होतीच की. माझ्या आजोबांची क्रीम रंगाची होती आणि लग्नाच्या हॉलबाहेर लोक तिला हात करायचे. तुम्ही म्हणता तो आकार टॅक्सीचा झाला तो मारुती ८०० आल्यानंतर. १९८३ पासून खासगीवाले हळूहळू तिकडे गेले, आणि फियाट टॅक्सीवाल्यांना उरली.

कुर्ल्याचा_भोंगा:

हे मान्य. असा विचार केला नव्हता. आमच्या कारखान्यातल्या शेजाऱ्यांना तो बदल आधी कळला असणार, आम्हाला भोंगा थांबल्यावर कळला.

सावली_शिवडी:

@लालबाग_स्टँड, त्या गाडीचं शेवटी काय झालं?

लालबाग_स्टँड:

भंगारात. मीटर आरटीओच्या नियमाप्रमाणे उतरवला. भंगारवाल्याने वजनावर पैसे दिले. वडील आले नाहीत, मी आणि भाऊ गेलो. कप्प्यात काचेचं हँडल होतं, ते मी खिशात टाकलं. बोरीबंदर यांनी पहिल्या पोस्टमध्ये ज्याचा उल्लेख केलाय तेच. आमच्याकडे एकच होतं, दुसरं एका उतारूने १९९४ मध्ये चुकून नेलं. वडिलांना अजून तो माणूस आठवतो. सायनला उतरला होता.

बोरीबंदर:

मी नव्हे. शपथेवर सांगतो. ताईलाही विचारतो.

बरं, आता कामाचा प्रश्न. उद्या पहाटे साडेपाचला गिरगावातून दादरला परत जायचंय. माणसं दोन, त्यातली एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मामीने दिलेल्या चार बॅगा आणि एक पाट. होय, लाकडी पाट, विचारू नका. कोणती गाडी धरू?

सावली_शिवडी:

ईको. पाटासकट सगळं आत.

लालबाग_स्टँड:

ईकोत आईंना चढायला त्रास होईल, पायरी उंच आहे. सिलिंडरमुळे वॅगनआरच्या डिकीत एकच बॅग मावेल, बाकीच्या कॅरियरवर. दोरी आहे का ते बसण्याआधी विचारा. पाट दोरीने नीट बांधला जात नाही, तो मांडीवर.

उंदीरमामा:

फियाट असती तर?

लालबाग_स्टँड:

आमची असती तर तीन बॅगा वर, एक पुढच्या बाकावर, पाट पायाशी, कारंज्यावर झाकण म्हणून.

बोरीबंदर:

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी त्या उंच गाडीतूनच जाणार, तू पाट घेऊन मागच्या टॅक्सीने ये.